पुठ्ठ्याचं घर

ऊन उतरायला लागलं की काकूंच्या पायाला भिंगरी लागायची. आधी त्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायच्या. मग गॅस बंद आहे ना ते बघायच्या, परत जाऊन पुन्हा बघायच्या. मग टॉवेलमध्ये कंगवा, चष्म्याचं घर, एखाद्या पातेल्यावरचं झाकण, जे हाताला लागेल ते गुंडाळायचं, त्याला गाठ मारायची आणि ते गाठोडं काखेत धरून दारापाशी उभं राहायचं.

"चला हो, उशीर होतोय. घरी जाऊ."

"अगं, घरीच आहोत आपण," काका म्हणायचे.

"हे लोकांचं घर आहे. लोकांकडे किती वेळ बसायचं? त्यांना काही कामधाम नसेल का?"

लोक म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी. चौथ्या मजल्यावरचा तिचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट. जावई परगावी नोकरीला, आणि मुलगी औषधांच्या दुकानात दिवसभर उभी. ती दमून घरी यायची तेव्हा दारातच आई उभी असायची आणि परक्या बाईशी बोलावं तसं म्हणायची, "बरं झालं बाई, तुम्ही आलात. आता आम्ही निघतो. फार केलंत आमचं."

आपल्याच आईने आपल्याला अहो-जाहो केलं की कसं वाटत असेल, ते ज्याचं त्याला माहीत. मुलगी आत यायची. चपला काढायची आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहायची.

काकूंचं खरं घर रस्त्यात गेलं होतं. रस्ता रुंद करायचा ठरला, लाल खुणा झाल्या, आणि एका सकाळी पिवळं यंत्र येऊन दुपारपर्यंत सगळं सपाट करून गेलं. पुढच्या खोलीत फोटो स्टुडिओ, मागे दोन खोल्या आणि वर पत्रा, एवढंच ते घर. काका तिथे फोटो काढायचे म्हणून सगळे त्यांना फोटोकाका म्हणायचे. पण निम्मा स्टुडिओ काकूंचा होता, हे गिऱ्हाइकांना माहीत होतं. फोटोतले डाग, मुरुम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काकू बारीक ब्रशने अशा घालवायच्या की माणूस आपलाच फोटो बघून म्हणायचा, "अरे, मी एवढा बरा दिसतो?"

आणि एक गंमत तिथे मिळायची, ती दुसरीकडे कुठेच मिळत नसे. स्टुडिओमागच्या मैदानापलीकडे गावाची पाण्याची टाकी होती. काका गिऱ्हाइकाला मैदानात उभं करायचे, तळहात पसरायला सांगायचे, आणि फोटोत ती अख्खी टाकी त्याच्या तळहातावर पेल्यासारखी उभी! कुणी नवऱ्याला बाटलीत उभा करून घ्यायचं, कुणी सासूबाईंना चिमटीत धरायचं. सासूबाईही हसायच्या, फोटो मिळाल्यावर मात्र हसायच्या नाहीत. काका कॅमेऱ्यामागे आणि काकू मैदानात. "हात वर. अजून वर. एवढा नको, टाकी बुडाली! जरा डावीकडे... थांबा, श्वास घेऊ नका!" काकूंचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा.

"यात जादू काही नाही," काका सांगायचे. "माणसाला दोन डोळे असतात म्हणून जवळचं आणि लांबचं कळतं. कॅमेरा बिचारा एकडोळ्या. लेन्सचं भोक बारीक केलं की त्याला जवळचंही स्वच्छ दिसतं, लांबचंही, आणि कोण पुढे, कोण मागे, यात तो फसतो."

तर त्या काकू आता विसरत चालल्या होत्या. नावं गेली, वार गेले, मुलगी गेली. घर तेवढं राहिलं.

त्या आठवड्यात त्या दोनदा निसटल्या. पहिल्यांदा जिन्यातच सापडल्या. दुसऱ्यांदा मोठ्या चौकात, अनवाणी. येईल त्या बसला हात करत होत्या. वॉचमनने ओळखलं म्हणून बरं. त्याने त्यांना हाताला धरून आणलं तेव्हा त्या त्यालाच समजावत होत्या, "तू जा रे तुझ्या घरी, तुझीही आई वाट बघत असेल."

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मुलगी काकांसमोर येऊन बसली. आई आतल्या खोलीत कपाट उघडत होती, बंद करत होती. त्याचा आवाज मध्येमध्ये येत होता.

"बाबा, विसरणाऱ्या माणसांना सांभाळतात त्या संस्थेत मी जाऊन आलेय. स्वच्छ आहे, नर्स आहेत, फाटकाला कुलूप असतं."

"मीही राहीन तिच्याबरोबर."

"तिथे फक्त बायकांना ठेवतात. तुम्हाला भेटायला जाता येईल."

काका हातातला पेला फिरवत राहिले. मग म्हणाले, "ती मला रोज ओळखते अजून. तिथे ठेवलीस तर तेही जाईल."

"आणि उद्या बसखाली आली तर?" मुलीचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "मला काय हौस आहे का हो? दुकानात गिऱ्हाइकाला गोळ्या देताना मोजणी चुकते माझी. फोन वाजला की वाटतं, झालं, आईचंच काहीतरी."

ती काही चुकीचं बोलत नव्हती, हे काकांनाही कळत होतं. "महिनाअखेरपर्यंत थांब," ते एवढंच म्हणाले. "तिला घर बघायचंय. मी दाखवतो."

"कुठलं घर? घर आहे कुठे?"

त्यांच्याकडे घराचे जुने फोटो होते, नाही असं नाही. पण ते दाखवून झाले होते. काकू एक नजर टाकायच्या आणि बाजूला सारायच्या. "हे जुनं झालं. मला आत्ताचं दाखवा. पत्रा टिकलाय का, भिंतीला ओल आलीय का, ते मला कसं कळायचं?"

मग काका कामाला लागले. बाल्कनीत बसून पुठ्ठा कापायचा, रेझर ब्लेडने खिडक्या कोरायच्या. पत्र्यासाठी त्यांनी बिस्किटांच्या खोक्यातला नालीदार कागद वापरला आणि त्यावर कॉफीचं पाणी मारून गंज आणला. पायरीची उडालेली कड, दाराखालची ओल, नळाच्या कोपऱ्यातलं शेवाळ, सगळं आठवून आठवून केलं. चपलांच्या खोक्याहून जरा मोठं असं ते घर होतं. म्हातारपणी बोटं ऐकत नाहीत. दोनदा छप्पर कलंडलं, एकदा सगळी भिंतच उसवली. काकू येता-जाता बघायच्या आणि विचारायच्या, "कुणाच्या मुलांसाठी करताय?"

एका सकाळी काका आरशात बघून म्हणाले, "केस वाढलेत. कापून येतो." मोठ्या पिशवीत घर, फळी, कॅमेरा आणि स्टँड घालून ते निघाले. वाटेत देवाचं नाव घेतलं. खोटं बोलून निघालो आहोत, तेव्हा हे नाव त्याच्यापर्यंत पोचतं की नाही, या विचारात दोन चौक गेले.

जुन्या जागी आता रुंद रस्ता होता. घराचा मागचा तुकडा तेवढा रिकामा राहिला होता, तारेचं कुंपण घालून. शेजारचा विजेचा खांब तसाच होता. काकांनी रस्त्याच्या अलीकडे स्टँड लावला, कॅमेरा पार खाली आणला, पुढ्यात विटांवर फळी ठेवली आणि फळीवर घर. मग एक डोळा मिटून ते घर बोटाबोटाने सरकवू लागले. जरा वर झालं, घर हवेत. जरा खाली, घर जमिनीत गाडलेलं. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले.

"आजोबा, काय चाललंय?"

"घर बांधतोय," काका म्हणाले, मान न वळवता.

आणि एका क्षणी ते बसलं. पुठ्ठ्याची पायरी आणि पलीकडची माती एक झाली, विजेचा खांब घराला खेटून उभा राहिला, आणि मधला रस्ता फळीआड गेला. सकाळचं ऊन दारावर तिरपं पडलं होतं.  आपणच केलेलं आहे हे माहीत असूनही काकांना वाटलं, आता दार उघडेल आणि आतून ओरडा येईल, "चहा गार झाला!"

फोटो मोठा करून त्यांनी काकूंच्या हातात दिला. काकूंनी चष्मा लावला, वरून भिंग धरलं. कितीतरी वेळ बघत राहिल्या. चेहरा असा खुलला की मुलगी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"आहे की हो!" काकू म्हणाल्या. "सगळं जागच्या जागी आहे. हे म्हणत होते, पाडलं म्हणून."

काकांनी मुलीकडे बघितलं. बघ, म्हणालो नव्हतो?

मग काकूंचं भिंग दारावर थांबलं. कपाळाला आठी पडली.

"दारावर ऊन आहे. म्हणजे सकाळी गेला होतात तुम्ही. केस कापायला जातो म्हणालात. केस तर तसेच आहेत! मला न घेता घरी जाऊन आलात?"

"अगं, ते..."

"आणि हे काय? कुलूप कुठाय दाराला?"

काकांचा हात आपोआप फोटोकडे गेला. त्यांनी त्या दाराची कडी केली होती, कडीवरचा ओरखडा केला होता, कुलूप केलंच नव्हतं. कारण त्या दाराला कुलूप कधी लागलंच नाही. स्टुडिओ चालू असे, दोघांपैकी एक कायम घरात. कुलूप लावलेलं ते दार त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं, मग हाताला ते कसं सुचणार?

"घर उघडं टाकून आलात!" काकू उभ्याच राहिल्या. "माझे ब्रश आत आहेत. रंगाच्या वड्या आहेत. लोकांचे फोटो आहेत, लोक काय म्हणतील? चला, उठा आधी!"

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नये. आधी काकू संध्याकाळी घरी जायचं म्हणत, आता दिवस उगवल्यापासून तेच. घास तोंडापर्यंत न्यायच्या आणि खाली ठेवायच्या, "घर उघडं आहे." बसल्या बसल्या उठायच्या. आधी निदान ऐकीव होतं, आता पुरावाच हातात होता. फोटो पदराखाली धरून त्या दाराशी झटापट करायच्या. मुलीने कडीला वरून तार बांधली, तर काकूंनी तारेने हात कापून घेतला.

हाताला पट्टी बांधताना मुलगी रडत रडत बोलली, "झालं समाधान? निदान आधी तिला घर उघडं असल्याची काळजी तरी नव्हती! मी सोमवारी संस्थेची गाडी बोलावतेय, बाबा. आता मला अडवू नका."

 काका बाल्कनीत गेले. पत्र्याच्या डब्याचं झाकण कापून, घासून, नखाएवढं कुलूप केलं आणि तारेने कडीत अडकवलं. हात जोडले. काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसतेच जोडून ठेवले.

"सोमवारच्या आधी एकदा तिला तिथे नेऊ," त्यांनी मुलीला सांगितलं. "कुलूप आहे एवढं बघितलं की तिचा जीव शांत होईल. तूही चल. तू म्हणशील तेव्हा परत फिरू."

मुलीने कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाली, "रविवारी दुपारी. तिचा हात मी धरणार."

रिक्षात काकू दोघांच्या मध्ये बसल्या, गाठोडं मांडीवर. फोटो सारखा काढून बघत होत्या, आत ठेवत होत्या. "जरा जोरात चालवा," म्हणून रिक्षावाल्याला तीनदा सांगून झालं. तिथे उतरल्यावर मुलीने आईला खांबाकडे पाठ करून उभं केलं आणि हात घट्ट धरला. काकांनी घाईघाईने विटा रचल्या, फळी, घर, स्टँड. घाम डोळ्यांत उतरत होता. घर काही केल्या जमिनीवर बसेना, एकदा खांबच छपरातून उगवला.

"बाबा, लवकर. ओढतेय ती."

"झालं, झालं. आण."

काकांनी काकूंना बरोबर आणलेल्या बुटक्या स्टुलावर बसवलं आणि कॅमेऱ्यात बघायच्या भोकाला डोळा लावून दिला. काकूंना सांगावं लागलं नाही. दुसरा डोळा त्यांनी आपसूक मिटला, सवयीने.

मागून ट्रक गेले, बस गेली. काकू हलल्या नाहीत.

"कुलूप आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

"आहे ना?"

"हं." आणि त्याच दमात, डोळा न काढता, "डावीकडे फळीची कड दिसतेय. माती टाका."

 मुलीने काकांकडे बघितलं, त्यांनी मुलीकडे. फळी दिसली म्हणजे सगळं कळलं? पण काका यंत्रासारखे पुढे झाले आणि मूठभर माती फळीच्या कडेवर पसरली.

"आता ठीक," काकू म्हणाल्या. "पण मी कुलूप ओढून बघणार. तुमच्यावर माझा भरवसा नाही."

आणि उठल्या. मुलगी "आई, थांब," म्हणेपर्यंत हात सोडवून, कॅमेऱ्याला वळसा घालून, तरातरा पुढे निघाल्या. दोन पावलांवर तर फळी होती. काकांनी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. मुलीने डोळे मिटून घेतले.

काकू फळीपुढे उभ्या राहिल्या. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे कुंपण, कुंपणाआड रिकामी जमीन. आणि गुडघ्याशी ते घर. त्या सावकाश वाकल्या. नखाने कुलूप हलवून बघितलं. पत्र्यावरून बोट फिरवलं, खिडकीतून आत डोकावल्या. मग सरळ होऊन एकदा घराकडे, एकदा रस्त्याकडे बघितलं, आणि नवऱ्याकडे वळल्या.

"एवढंसं दिसतंय हो."

काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"म्हणजे बरंच लांब आहे की अजून," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, आलंच. अंधाराच्या आत पोचायचो नाही आपण."

"नाही," काका कसेबसे म्हणाले. "आज नाही पोचणार."

"मग आधी नाही का सांगायचं? उगाच या बाईंना पायपीट." त्या मुलीकडे वळल्या. जरा संकोचून म्हणाल्या, "तुमच्याकडे आजची रात्र राहिलो तर चालेल का हो? गैरसोय होईल, मला कळतंय. पण घर लांब आहे."

मुलगी पुढे झाली. तिने आईच्या काखेतलं गाठोडं घेतलं.

"चालेल," ती म्हणाली. "हवं तितकं राहा."

परतताना रिक्षात काकू फोटो न बघता झोपल्या. काका मात्र ताठ बसून होते. बायकोला कळलं होतं की नव्हतं? फळीची कड हेरणारी बाई एवढ्याशा घराला लांब म्हणते, ती भाबडेपणाने की आपली लाज राखायला? विचारायची हिंमत त्यांना झाली नाही. आणि विचारून ते उत्तर उद्यापर्यंत कुणाजवळ राहणार होतं?

सोमवारी गाडी आली नाही. मुलीने सकाळी फोनवर "सध्या नको," एवढंच सांगितलं आणि कामाला गेली. "कायमचं नको" असं ती म्हणाली नाही, हे काकांनी ऐकलं होतं.

तेव्हापासून ते घर बाल्कनीच्या कठड्यावर असतं. ऊन उतरतं, काकू खिडक्या लावतात, गाठोडं बांधतात. मग काका त्यांना बाल्कनीच्या दाराशी आणतात. काकू डोळे बारीक करून अंदाज घेतात. कधी गाठ सोडून कंगवा जागेवर ठेवतात, कधी गाठोड्यासकट खुर्चीत बसतात. कधी काहीच उपयोग होत नाही आणि काकांना त्यांच्यासोबत चारही मजले उतरून पुन्हा चढावे लागतात. पण अनवाणी चौकात त्या पुन्हा गेल्या नाहीत.

परवा पाऊस येईलसं वाटलं म्हणून काकांनी घर कठड्यावरून काढून अलीकडे, दाराजवळच्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळी काकू आल्या आणि चमकून थांबल्या.

"अहो! आज केवढं जवळ आलंय! चला, चला, आज पोचतोय आपण!"

त्यांचे डोळे लकाकले. काका काही बोलणार, एवढ्यात मुलगी कामावरून आली. दारातच तिला सगळं कळलं. चपला न काढताच ती बाल्कनीत गेली, टेबलावरचं घर दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि कठड्याच्या पार टोकाला, कुंडीच्याही पलीकडे नेऊन ठेवलं. मग मागे सरली, एक डोळा मिटून बघितलं, आणि अजून चार बोटं लांब सरकवलं.